गाडी उभी असताना

घरातल्या वस्तू घरीच दुरुस्त कराव्यात की नाहीत, हा प्रश्न आमच्या पिढीतल्या बायकांना कधी पडला नाही. इस्त्रीची वायर जळाली, मिक्सरचं पातं ढिलं झालं, कुकरची शिट्टी अडकली, की आम्ही आधी स्वतः बघतो आणि मग दुकानात जातो. त्यात काटकसर असते, थोडा अभिमानही असतो. वस्तू टाकून न देता शेवटपर्यंत वापरावी, हा संस्कार तर आमच्याकडं अपरिग्रहाच्या नावानं लहानपणीच होतो. त्यामुळं घरच्या घरी केलेली दुरुस्ती ही चांगलीच गोष्ट, असं आपण धरून चालतो.

पण सगळ्या दुरुस्त्या एका जातीच्या नसतात. ब्लाउजची शिवण मी कच्ची घातली, तर ती माझ्याच अंगावर उसवेल. नळाचा वायसर नीट बसवला नाही, तर माझंच न्हाणीघर ओलं होईल. गाडीच्या स्टिअरिंगचं तसं नाही. ते रस्त्यात दगा देतं, आणि रस्त्यावर मी एकटी नसते. समोरून स्कूटरवर कुणी मुलीला शाळेत सोडायला निघालेला असतो, कडेनं कुणी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चाललेली असते. गाडी माझी, हात माझे, पैसे माझे. पण चुकीची किंमत मोजणारा माणूस कदाचित भलताच, ज्याला कुणी काही विचारलेलं नाही. मग असलं काम घरी करण्याचा मला अधिकार आहे का? आणि मला नसेल, तर गॅरेजवाल्याला तो कुठून येतो?

प्रश्न पुस्तकी वाटेल, म्हणून आधी तो भाग काय असतो ते सांगते. आपण हातात धरतो ते चक्र आणि रस्त्यावरचं चाक, यांच्यामध्ये बरीच साखळी असते. चक्राच्या दांड्याच्या टोकाला एक दातेरी चाक, ते एका दातेरी पट्टीला डावी-उजवीकडं सरकवतं. त्या पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक सळई, आणि सळईच्या शेवटी, चाकाच्या अगदी जवळ, एक सांधा. त्याला टाय रॉड एंड म्हणतात. आत लोखंडी गोळी, भोवती वाटी, वंगण, आणि वरून रबराचं टोपण. आपल्या खुब्याच्या हाडासारखंच. चाक खड्ड्यात खाली-वर होतं, वळणावर फिरतं, तरी सळईची पकड सुटू नये म्हणून ही सोय.

मोटार यायच्या आधीपासून माणसं या जोडणीच्या मागं होती. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, नाहीतर चाकं घासत फरपटतात. त्यावरची युक्ती म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्या कारागिरानं १८१७ साली काढली, ती घोड्याच्या बग्गीसाठी. पुढच्या वर्षी लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान यांनी तिचं पेटंट घेतलं आणि नाव त्यांचंच राहिलं. दोनशे वर्षं झाली. आज साध्या मोटारीची पुढची चाकं वळतात, ती त्याच विचारावर.

हा सांधा एकाएकी तुटत नाही, झिजत जातो. आधी रबर चिरतं. चिरेतून पावसाचं पाणी शिरतं, धूळ शिरते, वंगण जातं. मग गोळी वाटीत खेळायला लागते. खड्ड्यात ‘टक्’ असा आवाज, सरळ रस्त्यावरही चक्राला सारखं सावरावं लागणं, टायर एकाच कडेनं झिजणं, ही त्याची बोली. दुर्लक्ष करत राहिलं तर एक दिवस गोळी वाटीतून निसटते. मग हातातलं चक्र फिरतं आणि ते चाक त्याला हवं तिकडं जातं. ब्रेक असतात, पण दिशा नसते.

आमच्या अकरा वर्षांच्या गाडीच्या डाव्या चाकाला हा ‘टक्’ गेल्या पावसाळ्यानंतर सुरू झाला. बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला जाणाऱ्या कुणालाही तो कसा आला असेल, हे सांगायला नको. एका गॅरेजनं सगळं स्टिअरिंग बदलावं लागेल म्हणून मोठा आकडा सांगितला. दुसऱ्यानं, “वहिनी, चालतंय चालेपर्यंत, अजून वर्षभर बघायला नको,” असं आश्वासन दिलं. मग माझा भाचा आला. तो उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो. त्यानं जॅक लावून चाक जमिनीवरून उचललं आणि घड्याळात नऊ आणि तीन असतात त्या दोन जागी दोन्ही हातांनी धरून हलवलं. चाक हललं. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं, तिथं हललं नाही. तसं हललं असतं, तर दोष बेअरिंगमध्ये किंवा खालच्या सांध्यात शोधावा लागला असता. “आत्या, नुसता टाय रॉड एंड गेलाय. मी घरी बदलतो,” तो म्हणाला.

आमचे सासरे, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतो, ओट्यावर बसून बघत होते. ते म्हणाले, “ज्याचं काम त्यानं करावं रे बाळा. न्हाव्याचं काम सुतारानं केलं तर कान जातो.” भाचा हसला. “आजोबा, गॅरेजमध्ये तरी हे कोण करतंय? मिस्त्री फोनवर असतोय आणि चाक खोलतोय तो कालपरवा लागलेला पोरगा.”

दोघांचंही मला खरं वाटलं, आणि दोघांच्याही बोलण्यात काहीतरी सुटत होतं. आप्पा कामाचा हक्क जातीवर आणि धंद्यावर ठरवत होते. भाचा तो दुसऱ्याच्या ढिलाईवर ठरवत होता. दुसरा निष्काळजी आहे, एवढ्यानं मी काळजीवाला होत नाही. बाजारचं दूध पाणचट असतं म्हणून घरचं गाळायचं सोडत नाही आपण.

काम कसं झालं ते मी शेजारी उभी राहून पाहिलं, आणि पाहता पाहता प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच मिळत गेलं. गाडी सपाट फरशीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग जॅक लावला. जॅकवर भरवसा न ठेवता खाली लोखंडी स्टँड. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. चाक काढल्यावर सळईवरचा चेक नट सैल केला, आणि जुना भाग कुठवर आत गेलाय तिथं खडूनं खूण केली. मग पुलर लावून सांधा चाकाच्या बाजूनं सोडवला. सळईवरून जुना भाग फिरवून काढताना तो मोठ्यानं फेरे मोजत होता. नवा तेवढेच फेरे आत गेला पाहिजे, कारण एकेक फेऱ्यानं चाकाचा कोन बदलतो.

नवा भाग बसल्यावर जो नट येतो, त्याच्या डोक्यावर खाचा असतात, किल्ल्याच्या बुरुजासारख्या. त्याला कॅसल नटच म्हणतात. कंपनीनं सांगितलेल्या मापानं तो टॉर्क पान्यानं आवळायचा. मग खाच आणि दांड्यातलं भोक एका रेषेत आणून त्यातून स्प्लिट पिन ओवायची आणि तिचे दोन्ही पाय वाकवायचे. भोक जुळलं नाही, तर नट आणखी थोडा आवळायचा. जुळवण्यासाठी सैल करायचा नाही. आणि पिन नवीन. एकदा वाकवून सरळ केलेली जुनी पिन पुन्हा घालायची नाही. काही गाड्यांना पिन नसते, नायलॉनची कडी असलेला नट असतो. तोही एकदा काढला की नवाच घ्यायचा.

मला त्या पिनेचं नवल वाटलं. काही रुपयांची वस्तू. नट इतका आवळलेला असतो, की नेहमीच्या चालण्यात तिच्यावर काही भारच येत नाही. ती फक्त एका शक्यतेसाठी असते: नट आपल्याकडून कमी आवळला गेला असेल, किंवा हजारो खड्ड्यांनी तो कधी सैल झाला, तर तो गळून पडू नये. ज्यानं ही जोडणी ठरवली, त्यानं माणसाचा हात चुकेल हे आधीच धरलं होतं. आमच्या घरात पाणी गाळायचं कापड आजही दुहेरी असतं. आजीनं सांगितलेलं कारण साधं आहे. एका पदराला भोक असलं तर ते आपल्याला दिसेलच असं नाही. दुसरा पदर सांभाळून घेईल. आपल्या नजरेवर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही, ही त्यातली शिकवण. स्प्लिट पिन पाहिल्यावर मला तो दुसरा पदर आठवला.

घाईत किंवा फाजील आत्मविश्वासात माणूस नेमकी हीच गोष्ट सोडतो. पिन नसली तरी गाडी सुरू होते, वळते, चालते. आज चालते, महिनाभरही चालते. चाक वर चढवल्यावर ती आहे की नाही कुणाला दिसतही नाही. न दिसणाऱ्या जागी माणूस कसा वागतो, याची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

‘आजवर काही झालं नाही’ हे वाक्य आपल्याकडं फार चालतं. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलावी असं सांगतात. आठ झाली, आजवर काही झालं नाही. हेल्मेट नाही, आजवर काही झालं नाही. दुसऱ्या गॅरेजवाल्याचं ‘चालतंय चालेपर्यंत’ याच कुळातलं. म्हणजे वागणं बरं की वाईट हे आपण घडलेल्या गोष्टीवरून ठरवतो. काही घडलं नाही, तर चूक नव्हतीच.

बी.ए.ला माझा तत्त्वज्ञान विषय होता. त्या ओढीनं पुढं वाचलेल्यात बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल हे दोघं या वाटेवर भेटतात. १९७६ साली एकाच चर्चासत्रासाठी दोघांनी नैतिक दैव या विषयावर निबंध लिहिले. विल्यम्स यांचं उदाहरण लॉरीच्या ड्रायव्हरचं आहे. त्याची काही चूक नसताना मूल गाडीखाली येतं. तरी त्याला जे वाटतं, ते बघणाऱ्याच्या हळहळीपेक्षा वेगळं असतं, कारण ते त्याच्या हातून घडलेलं असतं. नेगल त्यात एक छोटी भर घालतात. समजा, त्या ड्रायव्हरनं बऱ्याच दिवसांत ब्रेक तपासून घेतले नव्हते. आता त्याच निष्काळजीपणाचे दोन शेवट होऊ शकतात. वाटेत मूल आलं, तर तो आयुष्यभर स्वतःला त्या मृत्यूचा दोषी मानेल. आलं नाही, तर त्याच्या हातून घडलेली चूक अगदी किरकोळ ठरेल. ब्रेक दोन्ही वेळी तेच, आळस तोच. फरक फक्त नशिबाचा. मग दोष नशिबावर कसा ठरावा? नेगल याचं सोपं उत्तर देत नाहीत. आपण तसंच मोजतो, आणि ते पटतही नाही, अशा अडचणीत ते वाचकाला ठेवतात.

आमच्या परंपरेत या अडचणीचा विचार फार आधी झालेला आहे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्राण जाण्याच्या आधी प्रमाद ठेवला आहे. आचार्य कुंदकुंद तर प्रवचनसारात आणखी स्पष्ट आहेत. समोरचा जीव वाचला की गेला, यावर ते हिंसा ठरवत नाहीत. जो यत्नाशिवाय वागतो, त्याच्याकडून हिंसा घडलेलीच असते. आणि जो सांभाळून वागतो, त्याला नुसत्या घडलेल्या आघातानं बंध होत नाही. नेगलच्या दोन ड्रायव्हरांना त्यांच्याकडं एकच न्याय आहे. मूल वाटेत आलं नाही, म्हणून न तपासलेले ब्रेक निर्दोष होत नाहीत. ‘काही झालं नाही’ या समाधानाला तिथं जागाच नाही.

हे कठोर वाटतं, पण दुसऱ्या बाजूनं ते दयाळूही आहे. ज्यानं फेरे मोजले, पिन नवी घातली, काम पुन्हा तपासलं, आणि तरी दगडानं टायर फुटून काही वाईट घडलं, त्याच्या मनाला यातना होतीलच. विल्यम्स म्हणतात ते दुःख कुणाला चुकत नाही. पण दुःख आणि दोष या दोन गोष्टी आहेत, एवढा आधार त्याला मिळतो.

मुनींच्या आचारात ईर्यासमिती आहे. चार हात पुढची जमीन बघून, दिवसाउजेडी, सावकाश चालायचं. गृहस्थाला तेवढं शक्य नाही हे शास्त्रालाही मान्य आहे; संसाराच्या कामात घडणाऱ्या हिंसेला आरंभी म्हणून वेगळं नाव दिलंय, आणि ती होईल तेवढी कमी करायला सांगितलंय. पण गाडीला चार हातांचा नियम कसा लावणार? ताशी ६० किलोमीटरनं गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. चार हात पुढचं दिसेपर्यंत ते मागं गेलेलं असतं. म्हणून माझं असं मत झालंय, की वाहनाच्या बाबतीत बघून चालण्याचा बराचसा भाग गाडी उभी असतानाच उरकावा लागतो. टायर, ब्रेक, स्टिअरिंग बघणं, हेच आपलं चार हात जमीन बघणं. चालू गाडीत त्याला उशीर झालेला असतो.

आणि हे बघायला आपल्याकडं दुसरं कुणी येत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्या काळात धुराचा दाखला वेळच्या वेळी घ्यावा लागतो, पण धूर तपासणारा सांध्याकडं बघत नाही. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी असते, जर्मनीत तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी, आणि स्टिअरिंगमधला ढिलेपणा हा त्या तपासणीचा भागच असतो. तिथं नापास झालेली गाडी दुरुस्त केल्याशिवाय दाखला मिळत नाही. इथं पंधरा वर्षं तो सांधा आणि रस्त्यावरचा परका माणूस यांच्यामध्ये फक्त मालकाची बुद्धी उभी असते. कायदा जिथं बघत नाही, तिथं आपल्याला सूट मिळाली असं वाटतं. खरं तर तिथं भार वाढतो.

आता पहिल्या प्रश्नाकडं येते. हे काम घरी करण्याचा अधिकार आहे का? माझ्या मते आहे, पण तो गाडीच्या कागदपत्रांतून येत नाही आणि धंद्याच्या पाटीतूनही येत नाही. ज्याच्याकडं योग्य हत्यारं आहेत, ज्यानं पद्धत नीट समजून घेतली आहे, ज्याला वेळ आहे, आणि जो आपलं काम दुसऱ्याला तपासू देतो, त्याला तो आहे. यातलं एक जरी नसलं, तर त्या दिवशी नाही. स्टँड नाही, विटांवर गाडी ठेवू. टॉर्क पाना नाही, अंदाजानं आवळू. अलाइनमेंट पुढच्या महिन्यात बघू, असं मनात आलं तर तिथंच पाना खाली ठेवावा. हे मला झेपणार नाही असं म्हणून काम सोडणं हीही काळजीच आहे, आणि आपल्या घरांतल्या पुरुषांना ती जरा अवघड जाते. बदललेला सांधा अलाइनमेंट करून घेईपर्यंत पुरा झालेला नसतो. फेरे मोजणं हा गाडी तिथवर नेण्यापुरता अंदाज असतो. त्याच संध्याकाळी भाच्यानं गाडी हळू चालवत अलाइनमेंटला नेली, आणि तिथल्या मिस्त्रीला, “माझं काम बघा एकदा खालून,” म्हणून सांगितलं. मला त्याच्या सगळ्या कामात ते वाक्य जास्त आवडलं. कुंभोज-बाहुबलीला जायचा बेत आम्ही त्यानंतरच ठरवला.

राहिलं ते आपल्यासारख्यांचं, ज्या पाना हातात घेणार नाहीत. पैसे दिले की काम दुसऱ्याचं होतं, काळजी मात्र पूर्णपणे त्याच्या अंगावर टाकता येत नाही. डॉक्टरला आपण विचारतो, तसं मिस्त्रीलाही विचारता येतं. काढलेला जुना भाग दाखवा, त्यातला खेळ हातानं हलवून दाखवा. पिन नवी घातली का? अलाइनमेंटचा कागद कुठं आहे? हे विचारायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. भाजी घेताना देठ मोडून बघणाऱ्या बाईला तर ते मुळीच अवघड नाही. सुरुवातीला मिस्त्री हसेल. पण विचारणारं गिऱ्हाईक समोर असलं की कालपरवा लागलेला तो पोरगाही पिन विसरत नाही, आणि त्यालाही काम नीट शिकायला मिळतं.

सुगीत आमच्या निपाणी-चिकोडीच्या रस्त्यांवर रात्री उसाचे ट्रॅक्टर असतात. दोन-दोन ट्रेलर, मागं धड लाल दिवाही नाही. आपण त्यांना नावं ठेवतो, आणि ठेवायलाच हवीत. पण त्या ट्रॅक्टरवर बसलेला माणूस आपले दिवे समोरून येताना बघतो, तेव्हा आपली गाडी आपल्याच बाजूला राहील एवढंच तो धरून चाललेला असतो. आपल्या चाकाच्या आत पिन आहे की नाही, हे त्याला कधीच कळणार नाही. ते आपल्याला माहीत असायला हवं.